जुन्या फ्रीजचा ह्युमिडॉर: पुण्याच्या हवेत काय टिकतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर कळेल. बाणेरला पाचव्या मजल्यावर पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट. भाऊ परदेशातून येताना सिगारच्या पेट्या आणतो, आज साधारण दीडशे नग साठलेत. कॉम्प्रेसर गेलेला शंभर लिटरचा छोटा फ्रीज घरात पडून आहे. त्याचा ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठराविक गारव्यात आणि दमटपणात ठेवायची पेटी, करायचा आहे. त्यात पेल्टियर (वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती) बसवायचा, एक पंखा बाहेरची ताजी हवा आत घेणारा, दुसरा आतली बाहेर टाकणारा, आणि हे सगळं सांभाळायला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड. ठरवलेले आकडे १८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता. जमेल का, आणि दार काचेचं करता येईल का?

जमेल. फक्त ते दोन पंखे काढून टाका आणि १८ चा हट्ट सोडा. काचेचं शेवटी बघू.

माझी पार्श्वभूमी सांगतो. भोसरीतल्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं टेस्ट चेंबरवर काम केलं. मोटारीचे सुटे भाग उष्ण-दमट हवेत हजार-हजार तास ठेवून बघायची कपाटं असतात ना, ती. निवृत्त झाल्यावर एका मित्राच्या आग्रहावरून पहिला ह्युमिडॉर केला, आता सात झालेत. मी स्वतः ओढत नाही आणि ओढा असं कुणाला सांगणारही नाही; तब्येतीला त्यात चांगलं काहीच नाही. पण पेटीतला दमटपणा एका रेषेवर धरून ठेवणं ही माझी आवडती कसरत आहे, आणि तंबाखूचं पान हा त्यातला फार चोखंदळ विद्यार्थी आहे.

सगळ्यात आधी पेटीतलं पाणी कुठे असतं ते बघा. २१ अंशांना ६७ टक्के आर्द्रता असेल, तर शंभर लिटर हवेत वाफेच्या रूपात जेमतेम १.२ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे चहाचा पाव चमचा. उलट एका मध्यम सिगारमध्ये दीडेक ग्रॅम पाणी मुरलेलं असतं. दीडशे सिगारचं धरा, दोनशे ग्रॅमच्या वर गेलं, आणि आतल्या लाकडातलं आणखी वेगळं. हवा म्हणजे खिशातले सुटे पैसे. ठेव आहे ती पानात आणि लाकडात. दार उघडलं की काट्यावरचा आकडा धाडकन पडतो आणि माणूस घाबरून पाण्याची वाटी आत सरकवतो. घाबरायचं कारण नसतं. सुटे पैसे खर्च झाले, ठेवीतून अर्ध्या तासात भरून निघतात. खरं नुकसान होतं ते महिनोन्‌महिने ठेवीतून थोडं थोडं काढत राहिल्याने, आणि तुमचे ते दोन पंखे नेमकं तेच करणार आहेत. कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्यावर मिनिटाला पाऊण घनमीटर हवा हलवतो. तुमच्या पेटीतली सगळी हवा तो दहा सेकंदांत बदलेल. मग तुम्ही ह्युमिडॉर चालवत नसता, बाणेरची हवा थंड करत बसलेले असता.

‘ताजी हवा’ हा शब्द लोकांच्या डोक्यात कुठून बसला ते मला माहीत आहे. नव्या सिगारला अमोनियाचा थोडा दर्प असतो, तो निघून जावा लागतो. खरं आहे. पण त्यासाठी आठवड्या-पंधरवड्यातून एकदा दार उघडणं पुरतं, आणि ते तुम्ही एरवीही उघडणारच आहात.

आता आपली हवा. पुण्यात हे काम अवघड आहे, कारण तीन ऋतू तीन दिशांना ओढतात. मे महिन्यात दुपारी बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, तर ती हवा पेटीत शिरून २० अंशांवर आली की ५७ टक्के भरते. वाटतं तितकी भयंकर कोरडी नाही. जुलैत २५ अंश आणि ८८ टक्के असते, ती आत २० वर आणा. तिच्यातलं सगळं पाणी हवेत मावतच नाही, कुठेतरी दव धरणारच. आणि डिसेंबरची पहाट, १२ अंश आणि ८० टक्के, अंगाला ओलसर गार लागणारी, तीच हवा २० वर आल्यावर ४८ टक्केच उरते. म्हणजे या तिन्हींत सगळ्यात कोरडी निघाली ती थंडीची पहाट. माझ्या वहीतसुद्धा सिगार सुकल्याच्या तक्रारी मेपेक्षा डिसेंबर-जानेवारीत जास्त आहेत. शिवाय त्या दिवसांत पुण्यात पहाट आणि दुपार यांत पंधरा-अठरा अंशांचा फरक सहज पडतो. आपल्या हवेचं कौतुक करणारी मंडळी हे सांगत नाहीत.

म्हणून एक आगाऊ सल्ला, तुम्ही विचारलेला नसताना. पन्नासपेक्षा कमी नग असते, तर मी म्हणालो असतो, यातलं काही करू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत दोन्हीकडून काम करणारी आर्द्रतेची पाकिटं, आणि डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत आतल्या भिंतीशी खालच्या फळीवर. पेठेतल्या एका वाड्यात माझ्या ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांच्या माजघराच्या भिंती दीड हात जाड आहेत. त्यांच्याकडे एक साधी पेटी वर्षानुवर्षं विजेशिवाय मजेत आहे. पश्चिमेच्या फ्लॅटला ते भाग्य नाही. मेमध्ये तुमच्या हॉलमध्ये चार वाजता ३४-३५ होत असणार, आणि दीडशे नग आहेत. तुम्हाला थंडावा लागेलच.

फ्रीजवर हत्यार चालवण्याआधी मेकॅनिकला बोलवा आणि उरलेला गॅस नीट काढून घ्या. अलीकडच्या छोट्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्याखाली लपलेल्या असतात, तिथे ड्रिल घालाल तर पस्तावाल. पेल्टियरसाठीचं भोक मागच्या पाठीला, वरच्या तिसऱ्या भागात पाडायचं. पफचा, म्हणजे भिंतीतल्या उष्णता अडवणाऱ्या फोमचा, थर शाबूत राहिला पाहिजे. जे कापाल त्याच्या कडा फोमने बंद करा. दाराच्या चुंबकी रबराची परीक्षा कागदाने करा: पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी अडली पाहिजे.

वास ही मोठी डोकेदुखी. घरच्या फ्रीजला लसूण, खोबरं आणि नाव न घेण्यासारख्या अनेक गोष्टींचा वास मुरलेला असतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, दार सताड उघडं ठेवून आठ-दहा दिवस गच्चीत ऊन द्या, मग दोन दिवस कोळसा ठेवून दार बंद. त्यानंतर नाक खुपसून बघा. जरा जरी लसूण आला, तर पुन्हा गच्ची.

आता पेल्टियर. बाजारात सगळीकडे मिळतो तो टीईसी१-१२७०६, चार सेंटिमीटर बाय चार. तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सहज मिळेल. (तंबाखूचं सामान तपकीर गल्लीत शोधायचं, हा योग मला दर वेळी आवडतो.) सगळे जण एक चकती घेऊन तिला बारा व्होल्ट देतात. तसं करू नका. दोन चकत्या घ्या, एकापुढे एक म्हणजे सीरिजमध्ये जोडा, आणि त्या जोडीला बारा व्होल्ट द्या. प्रत्येकीला सहाच मिळतात. एकटी चकती बारा व्होल्टवर साठेक वॅट खाते आणि पंचवीसेक वॅट उष्णता बाहेर ओढते. जोडी मिळून पंचवीस-सत्तावीस वॅट खाते आणि पंधरा ते वीस ओढते. तुमच्या फ्रीजला बाहेर ३४ आणि आत २१ असताना बारा-पंधरा वॅटचीच गरज आहे, म्हणजे पुरतं, आणि बिल निम्म्याहून कमी. कारण सरळ आहे. चकतीच्या पोटात प्रवाहाच्या वर्गाने उष्णता तयार होते, आणि निम्मी तर उलट आतल्याच बाजूला येते. जोर कमी लावला की ती भरमसाट घटते. प्रत्येक चकतीला बाहेरच्या बाजूने स्वतंत्र कूलर द्या. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचे उत्तम, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ढिगाने पडलेले असतात. तिथेच सत्तर अंशांचा थर्मल कटऑफ, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा स्विच, लावा. बाहेरचा पंखा कधीतरी अडकणार, आणि त्या वेळी तुम्ही घरी नसणार.

दुसरं, रिले लावून चालू-बंद, चालू-बंद करू नका. पेल्टियर बंद झाला की तो थांबत नाही, तो पूल होतो. बाहेरची उष्णता त्याच वाटेने आत येते. दोन बंद चकत्यांतून जितकी उष्णता आत झिरपते, ती या फ्रीजच्या सगळ्या भिंतींतून येणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते. हिशेब करून बघितला तेव्हा मलाही खरं वाटेना. म्हणून चकत्या सतत चालू ठेवायच्या, फक्त व्होल्टेज कमी-जास्त करायचं. आर्डुइनोच्या झटक्यांनी थेट चालवण्यापेक्षा मध्ये व्होल्टेज बदलता येणारा बक कन्व्हर्टर घाला. नाहीतर माझ्यासारखं करा: ऋतूप्रमाणे वर्षातून चार वेळा पेचकसाने स्क्रू फिरवायचा. हसाल, पण माझ्या सातांपैकी तीन असेच चालतात आणि त्यांच्याबद्दल कधी फोन येत नाही.

तुम्ही १८ अंश म्हणालात, मी २१ म्हणतो. एकेक अंश खाली जाण्याची किंमत पुण्यात मोठी आहे, आणि ती विजेत मोजली जात नाही, पाण्यात मोजली जाते. २१ अंश आणि ६५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं तो आकडा, सुमारे १४ अंश येतो. चकतीच्या गार बाजूला आतून धातूची पट्टी लावतात, ती त्याखाली गेली की तिच्यावर पाणी धरणार आणि थेंब थेंब खाली जाणार. ते पाणी तुमच्या सिगारमधून आलेलं असतं! चौथ्या ह्युमिडॉरच्या वेळी मला हे महागात पडलं. गार बाजूला मी कंजुषी करून छोटीशी पट्टी लावली होती, ती आठ-नऊ अंशांवर पळत होती. मालक दर आठवड्याला आर्द्रतेची पाकिटं बदलायचा आणि मी दर आठवड्याला म्हणायचो, पाकिटं नकली असतील. शेवटी खालची बशी काढून मोजली, तेव्हा पाच दिवसांत ४० मिली पाणी. पाकिटं पाणी देत होती, पट्टी ते काढून बशीत टाकत होती, आणि सिगार मधल्यामध्ये बिचारे.

उपाय एकच, गार पट्टी मोठी घ्या. हाताच्या पंजाएवढी नको, वहीच्या पानाएवढी, उंच पातींची ॲल्युमिनियमची, आणि तिच्यावरून हवा सतत हळू फिरती. मग पट्टी १५-१६ वर राहूनही पेटी २१ वर येते. पट्टीवर एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) चिकटवा आणि प्रोग्रॅममध्ये पहिली ओळ ही लिहा: पट्टी १५ च्या खाली चालली की व्होल्टेज कमी. पेटीचं तापमान अर्धा अंश चढलं तरी चालेल. पावसाळ्यात मात्र हीच ओळ मी सैल करतो आणि पट्टी १२ पर्यंत जाऊ देतो, कारण जुलैत दार उघडलं की नको असलेलं पाणी आत येतं, ते काढायला तीच पट्टी कामाला येते. फ्रीजच्या तळाला पाणी जायची नळी आहे का बघा. तिला वाकवून बेसिनखाली असतो तसा पाण्याचा अडसर करा, म्हणजे थेंब जाईल आणि हवा येणार नाही. उन्हाळ्यात त्यातलं पाणी सुकतं, तेव्हा रबरी बूच मारा.

आतली हवा फिरवायला एकच ८० मिलिमीटरचा पंखा, बारा व्होल्टचा असला तरी पाच-सहा व्होल्टवर चालवलेला. पाठीपासून इंचभर अंतरावर एक खोटी पाठ उभी करा. तिला खाली आणि वर आडव्या फटी. पंखा वरून हवा ओढून पट्टीवर घालेल, गार हवा खोट्या पाठीमागून खाली उतरेल आणि ट्रेंच्या फटींतून सावकाश वर चढेल. सिगारवर थेट झोत नको, तोंडावर आलेला सिगार एका बाजूने सुकतो आणि वरचं पान उकलतं. ट्रे भिंतीला टेकवू नका, चारही बाजूंनी बोटभर जागा ठेवा. एवढं जमलं की वरच्या आणि खालच्या ट्रेमध्ये अंशाहून कमी आणि दोन-तीन टक्क्यांहून कमी फरक राहतो. त्याहून बारीक मागायचं कारण नाही.

हवा खरंच फिरते का, हे बघायला मी पहिल्या पेटीत उदबत्ती लावली होती. मोठ्या ऐटीत, टॉर्च घेऊन, धुराची रेघ बघत. रेघ झकास दिसली. पेटी दिली, आणि दोन महिन्यांनी मित्राचा फोन आला, ‘अहो, हे ओढताना सत्यनारायणाला बसल्यासारखं वाटतंय.’ चंदन लाकडात मुरलं होतं. सगळ्या पट्ट्या काढून बदलाव्या लागल्या. तेव्हापासून मी काडीला शेवरीचा कापूस चिकटवतो आणि फटीपुढे धरतो. नुसता थरथरला पाहिजे. लवला, तर पंखा जास्त आहे.

लाकूड. ह्युमिडॉरला जगभर ‘स्पॅनिश सीडर’ लावतात. तो स्पेनचाही नाही आणि देवदारही नाही. अमेरिका खंडातला, कडुनिंबाच्या कुळातला वृक्ष आहे. आपल्याकडे तो आयात केलेला आणि महाग. त्याचा सख्खा चुलतभाऊ मात्र इथे आहे, तूण. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत दोघं एकाच नावाखाली नांदत होते. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये तूण म्हणून मागा, लालसर, हलकं, मंद वासाचं लाकूड मिळेल. वाळलेलं आहे याची खात्री करून घ्या. सहा मिलिमीटरच्या पट्ट्या रंधून घ्या. खरा देवदार आणि खोक्यांचं पाइन नको, दोन्ही राळेचे. सागही नको, तेलकट वास देतो. प्लाय आणि एमडीएफ तर दाराबाहेरच, त्यांतला गोंद वर्षभर वाफ सोडतो. पट्ट्या स्क्रूने बसवा. सनमायकाला लावतात तो पिवळा रबरी गोंद आतून अजिबात नको.

आणि सुतारावर लक्ष ठेवा. आमचे सुतारकाका चाळीस वर्षांचे कसलेले, सांगून-सांगून दमलो तरी एका पेटीला आतून पॉलिशचा एक हात मारलाच. विचारलं, तर म्हणाले, ‘साहेब, कोरं लाकूड गिऱ्हाइकाला द्यायची लाज वाटते.’ आतलं लाकूड कोरंच राहायला हवं, त्याला पाणी प्यायचं असतं.

ते पाणीही त्याला हळू पाजा. ओलं फडकं फिरवून काम उरकू नका, पट्ट्या बाक धरतात. बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर बशीत घालून आत ठेवा, पंखा चालू, पेल्टियर बंद, आठ-दहा दिवस. मधूनमधून एक पट्टी काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन चढायचं थांबलं आणि आतला आकडा ७० च्या आसपास स्थिरावला की लाकूड तृप्त झालं. मगच सिगार. नाहीतर कोरडं लाकूड आधी सिगारमधलं पाणी पिऊन घेतं.

नेहमीच्या आर्द्रतेसाठी ६५ किंवा ६९ टक्क्यांची दुहेरी पाकिटं वापरा. कोरडं झालं तर ती पाणी देतात, दमट झालं तर घेतात. साठ ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारमागे, म्हणजे तुम्हाला सहा. मी ६५ घेतो, कारण आपल्याला पावसाळा काढायचा असतो आणि ७५ च्या वर बुरशीची भीती. अल्ट्रासोनिक धुक्याची यंत्रं आणू नका. ती सुट्या पैशांवर काम करतात, ठेवीला कळायच्या आत आकडा नव्वदीत जातो. पानवाला पानांवर ओलं फडकं टाकतो, बादली ओतत नाही.

मोजमाप. डीएचटी११ नावाचं निळं सेन्सर फेकून द्या, पाच टक्क्यांची चूक त्याला माफ असते. एसएचटी३१ घ्या. पण कोणतंही घ्या, मीठ-परीक्षा कराच: बाटलीच्या टोपणात साधं मीठ, त्यात पाण्याचे काही थेंब, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, पाणी वर तरंगता कामा नये. टोपण आणि सेन्सर घट्ट डब्यात रात्रभर. खोलीच्या तापमानाला आत ७५ टक्केच होतात, हा मिठाचा स्वभाव आहे. सेन्सर ७९ दाखवत असेल तर त्याच्या अंगावर ‘वजा ४’ लिहून टाका. हे सेन्सर गोंदाच्या आणि रंगाच्या वाफांनी बिघडतात, म्हणून पेटीचं काम पुरं होऊन वास गेल्यावरच आत बसवा. जागा मधल्या ट्रेवर, पाकिटांपासून आणि पंख्यापासून लांब.

खरं सांगू, माझा सगळ्यात भरवशाचा सेन्सर म्हणजे एक सिगार. प्रत्येक पेटीत मी एक स्वस्तातला नग ‘साक्षीदार’ म्हणून ठेवतो, त्याच्या पट्टीवर लाल दोऱ्याची गाठ. रविवारी सकाळी तो सोनाराच्या छोट्या काट्यावर, ०.०१ ग्रॅमच्या, तोलायचा आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी १२.३४ असेल. महिनाभर १२.३० ते १२.३८ मध्ये हलला, तर पेटी ठीक आहे, इलेक्ट्रॉनिक्स काहीही म्हणो. आर्द्रतेतल्या पाच टक्क्यांच्या फरकाला माझ्या वहीत साधारण ०.१ ग्रॅम पडतो. सतत एकाच दिशेने चालला असेल, तर कुठेतरी गळती आहे. रबर बघा, बशी बघा.

भुंगेऱ्याचं एक सांगून ठेवतो. तंबाखूचा भुंगेरा, दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा, अंडी पानातच घेऊन येतो. थंडीत ती निपचित पडलेली असतात, २४-२५ च्या वर उबतात, आणि मग सिगारला टाचणीने पाडल्यासारखी भोकं. आपल्याला २१ पाळायचं ते मुख्यतः यासाठी. म्हणून नवीन आलेली पेटी तशीच आत टाकू नका. दोन झिप पिशव्यांत घालून एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, मग चार दिवस उणे १८ च्या डीप फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर दव धरेल. घरात आंब्याचा रस गोठवलेला असेल तर त्याच्यापासून लांब.

पेटी आतल्या भिंतीशी, मागे वीतभर जागा सोडून ठेवा. एकाने ती शोकेसच्या कप्प्यात बसवली होती, शोभते म्हणून. कूलर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहिले, आत २७ झालं, आणि एप्रिलअखेर अकरा सिगारना भोकं.

गुरुवारी लाइट जाते त्याचं काय, असंही तुमच्या मनात असेल. दोन-तीन तासांना काही होत नाही. दार उघडू नका, इतकंच. जास्त वेळ गेली तर बंद चकत्यांचा तो पूल त्रास देतो. यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची बॅटरी जोडलीत तर दोन-अडीच तास सगळं चालतं, माझ्या मते तेवढं बास.

राहिलं काचेचं दार. दुहेरी काच घेतली तरी या मापाच्या दारातून जितकी उष्णता येईल, तितकी आख्ख्या फ्रीजच्या पफच्या भिंतींतून मिळून येते. म्हणजे काम दुप्पट, चकत्या दुप्पट, पट्टी आणखी गार, आणि पुन्हा बशीत पाणी. शिवाय तुमच्याकडे पश्चिमेचं ऊन आहे, पानाचा रंग उडतो तो वेगळा. पाहुण्यांना दाखवायचंच असेल, तर फ्रीजचं दार तसंच ठेवून त्यावर बाहेरून तुणीची फळी मारा, सुतारकाकांना तिथे हवं तेवढं पॉलिश करू द्या, आणि आतल्या आकड्यांचा छोटा डिस्प्ले त्या फळीत बसवा. वायर दाराच्या रबराखालून न नेता मागच्या भोकातूनच फिरवून आणा.